न बुडालेला थेंब

“मावशी, हात हलवू नका,” रक्तपेढीतला तपासनीस म्हणाला. थोरलीच्या बोटाला टोचून आलेला थेंब त्याने बारीक नळीत ओढून घेतला.

समोर काचेच्या पेल्यात निळंशार पाणी होतं. त्याने थेंब वरून सोडला. तो पाण्यात शिरला, थोडा खाली उतरला, मध्येच थबकला आणि जड पायांनी परत फिरावं तसा वर आला.

“झालं?” थोरलीने बाही आणखी वर सरकवली. “घ्या आता. किती लागेल तेवढं घ्या.”

“नाही चालणार.”

“का? गट जुळत नाही?”

“गटाचा प्रश्नच नाही. थेंब बुडायला हवा. दाट रक्ताचा बुडतो. तुमचा तरंगतोय. मावशी, तुमच्याच अंगात रक्त कमी आहे. तुमचं घेतलं तर उद्या तुम्हालाच पिशवी लावावी लागेल.”

तिला वाटलं, हा चेष्टा करतोय. “अहो, ओल्या चादरींची गाठोडी उचलते मी रोज. मला काय धाड भरलीय? पुन्हा बघा की. दुसऱ्या बोटाचं बघा.”

त्याने दुसऱ्या बोटाला टोचलं. तो थेंबही वर आला.

थोरली याच इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. बाळंतिणींच्या चादरी तिच्याच हाताखालून जायच्या. रक्ताचा डाग आधी गार पाण्यात सोडायचा, गरम पाणी लागलं की तो जन्माचा चिकटतो, हे ती नव्या बायकांना दाखवायची. रक्ताशी तिचा संबंध एवढाच, ते अंगाबाहेर सांडल्यानंतरचा. आत असताना ते दाट किंवा पातळ असतं, हे तिच्या गावीही नव्हतं. जिना चढताना धाप लागायची ती वयाची, कानात गुणगुण व्हायची ती बॉयलरची आणि गाठोडं उचलून सरळ होताना डोळ्यांपुढे अंधारी यायची ती वाफेची, असं तिने कधीच ठरवून टाकलं होतं.

वरच्या मजल्यावर तिची धाकटी बहीण त्या सकाळी बाळंत झाली होती. मुलगा झाला. बाळ रडलं, नाळ कापली, सगळं वेळच्या वेळी झालं, आणि मग रक्त थांबेना. डॉक्टरीणबाईंनी ते थांबवलं, इस्पितळात होती ती एकुलती पिशवी लावली, आणि बाहेर येऊन थोरलीला म्हणाल्या, “दुसरी बाई असती तर एवढं रक्त गेल्यावर चार दिवस फिकी दिसली असती आणि घरी गेली असती. हिच्याकडे घालवायला काही नव्हतंच. आणखी रक्त लागेल. खाली, आवारापलीकडच्या रक्तपेढीत या गटाच्या पिशव्या आहेत. बदल्यात कुणीही दिलं, कुठल्याही गटाचं, की ते लगेच सोडतात. पण लवकर करा.”

कुणीही म्हटल्यावर थोरली पायऱ्या उतरत धावली होती. आता कापसाचे दोन बोळे धरून ती परत वर चढली.

बाळंतकक्षाबाहेरच्या बाकावर धाकटीचा नवरा आणि सासू बसले होते. नवरा शिंपी होता. पुढे दुकान, मागे घर. सगळे त्याला मास्तर म्हणायचे, घरातलेसुद्धा. गिऱ्हाइकांशी तो गोड बोलायचा. गिऱ्हाइकाच्या पोटाचा घेर वाढलेला असला तरी माप घेताना “साहेब, कापड आटलेलं दिसतंय” म्हणायचा. धाकटी मागच्या खोलीत बसून त्याच्या शर्टांना काजं करायची, बटणं लावायची. दिवस गेल्यापासून तिला खडू खायचा नाद लागला होता. मास्तरचे कापडावर खुणा करायचे चपटे खडू ती लपूनछपून कुरतडायची. तिलाच त्याची लाज वाटायची, पण राहवत नसे. एकदा तिच्या ओठाला पांढरं लागलेलं बघून मास्तर भरल्या दुकानात म्हणाला होता, “लोकांच्या दुकानात उंदीर असतात, आमच्याकडे बायको आहे.” गिऱ्हाइकं हसली. धाकटीही हसली होती, असं तिनेच थोरलीला सांगितलं होतं.

इस्पितळातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या सासूने मोरीत टाकल्या. “गोळ्यांनी पोर पोटात फुगतं आणि मग अडतं. मी तीन काढली, एक गोळी नाही घेतली,” हे तिचं म्हणणं. त्या तिघांतला मास्तर एकटाच जगला होता, हे ती त्यात धरत नसे.

“मास्तर,” थोरली म्हणाली, “माझं रक्त घेत नाहीत. तुम्ही चला.”

मास्तरने आईकडे बघितलं.

“त्याचं?” सासू म्हणाली. “कमावता हात आहे तो. उद्या मशीनवर चक्कर येऊन पडला म्हणजे?”

“विहीणबाई, पिशवीभर तर द्यायचंय. धडधाकट माणसाचं भरून येतं म्हणतात.”

“म्हणणाऱ्यांचं काय जातंय! बाळंतीण झाली की रक्त जातंच. आमच्या वेळी काय नद्या आटल्या होत्या?”

“ताई, मला तसं काही नाही,” मास्तर म्हणाला. “पण सुई बघितली की माझ्या पोटात गोळा येतो.”

थोरली त्याच्या हाताकडे बघतच राहिली. उजव्या हाताची बोटं सुयांनी टोचून टोचून घट्टे पडलेली होती. तिने त्याचं मनगट धरलं आणि त्याला उठवलं. तिच्यापेक्षा तो वीतभर उंच होता, पण चारचौघांत झटापट नको म्हणून असेल, तो निमूट आला.

तपासनिसाने थेंब सोडला. थेंब दगडासारखा तळाशी गेला.

“वा!” तपासनीस म्हणाला. “असं रक्त हवं. झोपा या खाटेवर.”

“काही खाल्लं नाही सकाळपासून,” मास्तर म्हणाला. “उपाशीपोटी देऊ नये ना?”

“तेही खरंच. पटकन काहीतरी खाऊन या. समोरच टपरी आहे.”

“ताई, आलोच मी,” मास्तर म्हणाला, आणि खरोखरच घाईघाईने गेला.

थोरली तेवढ्यात बहिणीकडे जाऊन आली. धाकटी पाठीमागे उशा लावून अर्धवट बसली होती. आडवं झालं की जीव घाबरतो म्हणत होती. ओठ आणि गाल एकाच रंगाचे झाले होते. दोन मजले धावत चढून आल्यासारखी छाती भराभर वरखाली होत होती.

“ताई, बघितलंस त्याला? नाक कुणावर गेलंय?”

“तुझ्यावर.”

“मग चुकलंच त्याचं.” ती हसली आणि हसण्यानेही दमली. थोड्या वेळाने म्हणाली, “हे कुठेत?”

“खाली आहेत. रक्त देतायत तुझ्यासाठी.”

धाकटीने डोळे मोठे केले. “हे? सुई टोचून?”

“हो. मीच घेऊन गेले.”

“बघ,” धाकटी म्हणाली. “मी सांगत नव्हते तुला? बोलायला तेवढे तिखट. मनाने वाईट नाहीत.”

थोरलीने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. कपाळ गार आणि ओलं होतं. “बोलू नकोस. दम जातो,” ती म्हणाली आणि खाली आली.

खाट रिकामीच होती. टपरीवरचा माणूस म्हणाला, इथे कुणी शिंपी आला नाही.

दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. थोरली जमेल तितकं चालत, मध्ये दोनदा भिंतीला टेकत तिथे पोचली. मास्तर कात्रीने पँटचं कापड कापत होता. समोर गिऱ्हाईक बसलं होतं.

“मास्तर!”

“आलोच ताई. यांना आजच गावी जायचंय. एवढी पँट कापून देतो, कारागीर शिवेल. शब्द दिलाय हो.”

“तिकडे ती मरतेय.”

गिऱ्हाईक चुळबुळलं. “मी उद्या नेईन, मास्तर.”

“तुम्ही बसा साहेब,” मास्तर म्हणाला. कात्री थांबली नव्हती. मग आवाज खाली आणून तो थोरलीला म्हणाला, “ताई, खरं सांगू? ती अशीच आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून. जरा काम पडलं की बसली. जरा उभी राहिली की धरलीच भिंत. आज रक्त द्या, उद्या आणखी काही द्या. एवढं मोठं इस्पितळ, त्यांच्याकडे काय पिशवीभर रक्त नसेल? घाबरवतात ते.”

थोरलीच्या हातात त्या वेळी काही असतं तर तिने ते त्याच्या डोक्यात घातलं असतं. पण भांडण करायचं तर वेळ लागतो, आणि वेळच तर नव्हता. ती वळली.

ती धुलाईघरात गेली. वाफेत बायका पिळे काढत होत्या. “माझ्या बहिणीला रक्त हवंय,” ती दारातूनच ओरडली, “कोण देतं?” एकीनेही कारण विचारलं नाही. हात पुसत, पदर खोचत पाचजणी तिच्यामागे निघाल्या. पिळे काढणारी, इस्त्री करणारी, टाके घालणारी, मुकादमीण आणि नुकतीच लागलेली पोरगी.

तपासनिसाने एकेकीच्या बोटाला टोचलं. पिळे काढणारीचा थेंब तरंगला. इस्त्रीवालीचा तरंगला. टाके घालणारी दंडाने जाडजूड होती, सगळे तिला पहिलवान म्हणायचे. तिचा थेंब खाली जाता जाता मध्ये लोंबकळत राहिला आणि सगळ्यांनी श्वास धरला असतानाच वर आला. “मेला माझाच निघाला दगाबाज,” ती म्हणाली, पण कुणी हसलं नाही. मुकादमिणीचा तरंगला. पोरीचा तर आत शिरायलाच तयार नव्हता.

“सगळ्याच?” थोरली म्हणाली.

“बायकांचं बहुतेकदा असंच निघतं,” तपासनीस म्हणाला. तो पेला बदलत होता. आधीचं पाणी गढूळ झालं होतं.

शेवटी बॉयलरवाला आला. त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. तो प्यायचा, म्हणून माणसांत त्याची गणना नसे. “आज घेतलेली नाही,” त्याने आल्या आल्या जाहीर केलं. “मुलीची शपथ. बघा माझं. आत अजून रक्त उरलं असलं तर.” त्याचा थेंब सरळ तळाला गेला. तो खाटेवर आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आपण रडतोय हे बायकांना दिसू नये म्हणून त्याने कोपर डोळ्यांवर घेतलं होतं.

बर्फाच्या डब्यातून पिशवी आली. नर्स ती घेऊन पळत वर गेली, थोरली तिच्यामागे. दारातच डॉक्टरीणबाईंनी नर्सच्या हातातला डबा घेतला, पण उघडला नाही. तो तसाच छातीशी धरून त्या उभ्या राहिल्या.

मास्तर संध्याकाळच्या आधी आला. नवा शर्ट घालून आला होता. “मी निघतच होतो,” तो बोलला. हे तो कुणाला उद्देशून बोलला, ते कळलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवलं. त्या तरुण होत्या. रक्त कमी असलेल्या आयांचं आणि त्यांच्या बाळांचं रक्त शेजारी शेजारी ठेवून तपासायचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. म्हणून धाकटीचं रक्त आणि नाळेतलं रक्त सकाळीच प्रयोगशाळेत गेलं होतं.

“रक्त अंगभर प्राणवायू पोचवतं,” त्या म्हणाल्या. “तिचं इतकं पातळ झालं होतं की तो पोचेना. मग रक्तात आम्ल साठत गेलं. हृदय जोर लावत राहिलं आणि थकलं. फार दिवसांपासून थकत आलं होतं ते.”

“आणि बाळ?” सासूने विचारलं.

“बाळाचं रक्त आईच्या जवळजवळ दुप्पट दाट आहे.”

सासू ताठ बसली. “असणारच. आमच्या घराण्याचं रक्त आहे ते.”

“घराण्याचं नाही, आईचं आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “रक्त लोहावर बनतं. पोटात असताना बाळ ते आईकडून घेतं. आईकडे कमी पडलं की नाळ जास्त जोराने ओढते. आईला उरतं की नाही हे नाळ बघत नाही. हिच्याकडे होतं नव्हतं ते बाळाकडे गेलं.”

“आईचा धर्मच आहे तो,” सासू म्हणाली.

“पण पुरलं नाही. पुढच्या महिन्यांसाठी बाळ अंगात लोहाचा साठा घेऊन जन्माला येतं. याच्याकडे साठा फार थोडा आहे. आज गुटगुटीत दिसेल. चार-पाच महिन्यांत फिकं पडायला लागेल. त्याला लोहाचं औषध थेंबाथेंबाने द्यावं लागेल, आणि अधूनमधून आणून दाखवावं लागेल.”

मास्तरने मान हलवली. दुकानात मापं ऐकताना हलवायचा तशी. सासू बाळाची दुपटी गोळा करत होती. ऐकलं ते थोरलीने.

धाकटीच्या खाटेवरची चादर खाली धुलाईघरात आली. पहिलवान म्हणाली, “तू जा, मी करते.” थोरली हलली नाही. तिने नळ सोडला आणि चादर गार पाण्यात बुडवली. डाग फिका होता. फारसं चोळावंही लागलं नाही, आणि याचंच तिला रडू फुटलं.

पुढचे महिने तिने सुट्टीच्या दिवशी मास्तरच्या घरी जायचा नेम धरला. औषधाची बाटली तिने नेऊन दिली की सासू ती फळीवर उंच ठेवायची आणि पुढच्या खेपेला ती तेवढीच भरलेली दिसायची.

“दात काळे होतात त्याने,” सासू म्हणाली.

“विहीणबाई, त्याला दातच आलेले नाहीत.”

“येतील तेव्हा काय करू?”

बाळ वरच्या दुधावर होतं. पाचव्या महिन्यात ते मेणाच्या बाहुलीसारखं दिसू लागलं. खुळखुळा वाजवला तर डोळे फिरवायचं, मान नाही. “गुणी आहे,” सासू शेजारणींना सांगायची, “रडणं म्हणून नाही. आईचा हट्टीपणा काही घेतला नाही त्याने.” थोरली तिथे गेली की स्वतःच्या हाताने थेंब पाजायची, पण आठवड्यातून एकदाच्या थेंबांनी काय होणार?

तिला स्वतःलाही गोळ्या सुरू झाल्या होत्या. धुलाईघरातल्या सगळ्यांनाच. मळमळायचं, पोट धरायचं, तरी ती घेत राहिली. एक दिवस गाठोडं घेऊन जिना चढून ती वर आली आणि तिच्या लक्षात आलं, आपण कठड्याला हात लावला नाही. कानातली गुणगुणही नव्हती. बॉयलर तर चालूच होता. बरं वाटायला हवं होतं. तिला चोरी केल्यासारखं वाटलं.

मास्तरने वर्ष फिरायच्या आत दुसरं लग्न केलं. पोराला बघायला कुणीतरी हवं, हे कारण सगळ्यांना पटलं. थोरलीलाही पटवून घ्यावं लागलं, कारण नाही तर त्या घराचं दार तिला बंद झालं असतं आणि पोर दिसलं नसतं.

नवी जेमतेम विशीची होती. पहिल्या भेटीत ती थोरलीसमोर मान खाली घालून उभी राहिली, जणू तिने काही घेतलंय आणि ते परत कसं करावं कळत नाही. थोरली तिच्याशी दोन शब्दही धड बोलली नाही. पण पुढच्या खेपेला फळीवरची बाटली अर्धी झालेली होती. त्याच्या पुढच्या खेपेला पोराने थोरलीच्या हातातला खुळखुळा हिसकावून घेतला आणि जमिनीवर आपटला.

“तू देतेस?” थोरलीने हळूच विचारलं.

नवीने स्वयंपाकघराकडे बघितलं. सासू आत होती. “त्या अंघोळीला गेल्या की देते. आणि बाटलीत पाणी घालून भरत नाही. कमी झालेली दिसली तर सांडली म्हणते. दोनदा मार खाल्ला सांडल्याबद्दल.” हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. उठताना तिने दाराची चौकट धरली आणि डोळे मिटून थांबली.

“काय होतंय?”

“काही नाही. उठलं की काजवे चमकतात जरा. आणि,” ती थांबली, “दिवस गेलेत मला.”

आतून सासू म्हणाली, “काजं तशीच पडलीत गं. गप्पा झाल्या असतील तर बसा कामाला.”

थोरलीने पोराला कडेवर घेतलं. “विहीणबाई, पोराला दाखवायला नेतेय इस्पितळात. आणि हिलाही.”

“तिला कशाला? तिला काय झालंय?”

“तेच बघायला.”

“मास्तरला विचारलंस?”

मास्तर पुढे दुकानात कापड पसरत होता. थोरली त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने वर बघितलं. तिने काही विचारलं नाही, फक्त तिथे उभी राहिली, पोर कडेवर, नवी मागे. दुकानात गिऱ्हाइकं होती. मास्तरने गळ्यातली टेप काढून कापडावर ठेवली, पुन्हा उचलली, आणि कापडाकडे बघत म्हणाला, “लवकर या.”

इस्पितळात रांग मोठी होती. भिंतीकडेच्या बाकावर जागा मिळाली. पोर थोरलीच्या मांडीवर उभं राहून शेजारच्या बाईच्या पिशवीचा बंद ओढत होतं. बऱ्याच वेळाने नवीने विचारलं, “सासूबाई म्हणतात, तुमच्या बहीणबाई आधीपासूनच आजारी होत्या. लहानपणापासून अंगात जीवच नव्हता म्हणे. खरं का, ताई?”

तिने थोरलीला पहिल्यांदाच ताई म्हटलं होतं.

“नाही,” थोरली म्हणाली. “पळायला लागली की मला कधी सापडली नाही ती. आख्ख्या गल्लीत कुणालाच नाही.”

मग त्यांचा नंबर आला. थोरलीने पोराला सावरून घेतलं, नवीला हात दिला आणि उठवलं.